पहिली नोकरी लागली? स्टेटस टाकण्याआधी एवढं करा

फोटो केकचा होता. अर्ध्या किलोचा चॉकलेट केक, त्यावर एक मेणबत्ती आणि मागे टाळ्या वाजवणारे टीममधले चार चेहरे. मुलगा लातूरकडचा. हिंजवडीत नोकरीला लागून पाच महिने झालेले आणि ऑफिसात साजरा झालेला हा त्याचा पहिलाच वाढदिवस. त्यानं तो फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला, इन्स्टावरही टाकला. चेहऱ्यांच्या मागे पांढरा बोर्ड होता. त्यावर निळ्या मार्करनं ग्राहक कंपनीचं नाव, त्यांचं नवं प्रॉडक्ट बाजारात येण्याची तारीख आणि टेस्टिंगमध्ये सापडलेल्या दोन चुका लिहिलेल्या. दोन बोटांनी फोटो मोठा केला की सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्यासमोर बसला होता. मी तेव्हा त्या कंपनीच्या एचआर विभागात होते. "मॅडम, मी तर कुणाबद्दल काही बोललोच नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरंही होतं. पण फोटो ग्राहक कंपनीतल्या कुणाच्या तरी फोनवर पोहोचला होता आणि आमच्याकडे सकाळीच मेल आला होता.

त्यानंतर अशा कितीतरी बैठकांना मी बसले. माझ्यासमोर आलेल्यांत मुद्दाम वाईट वागलेली माणसं थोडीच होती. बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे पोस्ट टाकताना चार ओळखीची माणसं होती, आणि ती वाचली पाचव्यानं. त्या पाचव्या माणसाचा विचार कसा करायचा हे कॉलेजात कुणी शिकवत नाही, म्हणून हा लेख. नुकतीच नोकरी लागलेल्यांनी आणि येत्या काही महिन्यांत लागेल अशांनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करूया

"माझं अकाउंट, माझं मत, घटनेनं हक्क दिलाय." हे वाक्य मी खूपदा ऐकलं आहे. घटनेच्या कलम १९ नं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे, आणि ते लहानसहान नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं गेलं. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मराठी माणसानं हा निकाल लक्षात ठेवावा, कारण त्याची सुरुवात आपल्या दारात झाली.

पण हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. सरकारनं तुम्हाला बोलल्याबद्दल तुरुंगात टाकू नये, यासाठी तो आहे. खासगी कंपनी आणि तुमचं नातं ठरतं ते तुम्ही सही केलेल्या कागदांवर. पोस्ट गुन्हा नसेल, पोलीस तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, तरी नोकरी जाऊ शकते. गुन्हा नसणं आणि नोकरी टिकणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पायरी १ : सही केलेले कागद पुन्हा वाचा

जॉइनिंगच्या दिवशी आपण वीस-पंचवीस ठिकाणी सह्या करतो आणि काय वाचलं ते संध्याकाळपर्यंत विसरतो. ती फाइल काढा. अपॉइंटमेंट लेटर, आचारसंहिता, गोपनीयतेचा करार आणि वेगळं असेल तर सोशल मीडिया धोरण, हे चार कागद शोधा. त्यात तीन गोष्टींखाली पेन्सिलनं रेघ मारा: गोपनीय माहिती कशाला म्हटलं आहे, कंपनीची प्रतिमा मलीन होणं म्हणजे काय लिहिलं आहे, आणि कंपनीच्या वतीनं कोण बोलू शकतं. गोपनीयतेचं बंधन नोकरी सोडल्यावरही चालू राहतं का, तेही बघा. बहुधा राहतं.

कारखान्यात असाल तर स्थायी आदेशांची, म्हणजे कामाच्या अटींच्या लेखी नियमांची, प्रत मागा. गैरवर्तन कशाला म्हणायचं याची यादी त्यात असते. युनियनच्या माणसाकडे ती हमखास सापडते.

पायरी २ : स्वतःलाच शोधा

ब्राउझरची खासगी विंडो उघडा, म्हणजे तुमचं लॉगिन आड येणार नाही. आपलं नाव देवनागरीत टाका, मग इंग्रजी स्पेलिंगनं टाका, मग गावाच्या आणि कॉलेजच्या नावासह टाका. मोबाइल नंबरही शोधून बघा. अकरावीत उघडलेलं आणि पासवर्ड विसरलेलं फेसबुक अकाउंट इथेच सापडतं.

नेमणुकीआधी पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सी असतात. बऱ्याचदा त्या कागदपत्रांपुरत्याच थांबतात, पण मुलाखत घेणारा माणूस संध्याकाळी घरी बसून तुमचं नाव सहज शोधतो. तो काय शोधतो, हे मी जवळून पाहिलं आहे. पार्टीतल्या फोटोंचं त्याला सहसा काही वाटत नाही. त्याला खटकतात दुसऱ्याच्या जातीवरचे, धर्मावरचे, बायकांवरचे विनोद आणि आधीच्या मालकाला घातलेल्या शिव्या. कॉलेजात निवडणुकीच्या भरात लिहिलेल्या चार ओळी सहा वर्षांनी वाचताना तुमचं तुम्हालाच वाईट वाटेल. त्या काढून टाका. फेसबुकवर ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये वर्षवार सगळं दिसतं, आणि जुन्या सगळ्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या करण्याचीही सोय आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. ही साफसफाई शांततेच्या काळात करायची. एखाद्या पोस्टवरून चौकशी सुरू झाल्यावर ती पुसली तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येतो आणि स्क्रीनशॉट तर समोरच्याकडे असतोच.

पायरी ३ : सेटिंग

अर्ध्या तासाचं काम आहे, एका रविवारी उरकून टाका. इन्स्टा खासगी करा आणि टॅग झाल्यावर आधी तुमची परवानगी लागेल असं ठेवा. फेसबुकवरही टॅगची तपासणी चालू करा. व्हॉट्सॲप स्टेटसच्या यादीतून ऑफिसची माणसं वगळता येतात. स्टेटसचा किंवा इन्स्टा स्टोरीचा कुणी स्क्रीनशॉट काढला तर तुम्हाला कळवलं जात नाही, हे ध्यानात असू द्या. लिंक्डइनवर आपण लाइक केलेलंही ओळखीच्यांच्या फीडमध्ये जातं. तिथे नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते, पण तुमच्याच कंपनीतल्या भरती विभागाला ती दिसणार नाहीच याची हमी लिंक्डइन देत नाही.

सेटिंगमुळे दार लागतं, कुलूप लागत नाही.

पायरी ४ : फोटो काढताना मागची भिंत बघा

इथे जरा थांबते, कारण नव्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि टाळायला सगळ्यात सोपंही हेच आहे.

फोटो टाकण्याआधी चेहऱ्यांवरून नजर काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. बोर्डवर काही लिहिलं आहे का? लॅपटॉपची स्क्रीन चालू आहे का? गळ्यातल्या आयकार्डावरचा नंबर आणि बारकोड दिसतो का? टेबलावर कुणाचा फॉर्म, चेक, धनादेशाची पावती पडली आहे का? आरशात, चष्म्याच्या काचेत, खिडकीत काय उमटलं आहे?

प्रत्येक धंद्याची मागची भिंत वेगळी. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर कॅमेऱ्याच्या फोनला बहुतेक ठिकाणी मनाई असते, कारण बाजारात न आलेला पार्ट, डाय, लाइनची मांडणी एका फोटोत प्रतिस्पर्ध्याकडे जाते. नाइट शिफ्ट संपवून लाइनवर काढलेली सेल्फीसुद्धा यात आली. बँकेत काउंटरमागची स्क्रीन. इस्पितळात तर पेशंटचा चेहराच नको. केस पेपर, वॉर्डातल्या पाटीवरचं नाव, एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव आणि वय, यांतलं काहीही नको. नर्सिंगच्या मुली ड्युटीवर रील करतात तेव्हा मागे सलाइन लावून झोपलेल्या आजीबाई दिसतात. त्या आजींना कुणी विचारलेलं नसतं. नोकरीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे मला सोसत नाही. शाळेत तेच. मुलांचे चेहरे आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत.

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात असाल तर आणखी एक. "या तिमाहीत फाडून टाकलंय" एवढं जरी कंपनीचे आर्थिक निकाल जाहीर होण्याआधी लिहिलंत, तरी प्रकरण एचआरवर थांबत नाही, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांपर्यंत जाऊ शकतं.

पायरी ५ : राग आलाय? मग लिहा, पण पाठवू नका

शिफ्ट संपताना मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला. बसमध्ये बसल्यावर हात आपोआप फोनकडे जातो. मला त्या रागाबद्दल आदर आहे, कारण बऱ्याचदा तो खरा असतो. फोनच्या नोट्समध्ये सगळं लिहून काढा, तारीख आणि वेळेसकट. तक्रार करायची वेळ आली तर हीच नोंद उपयोगी पडेल. सोशल मीडियावर मात्र त्या रात्री नको.

मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये दिलेला एक निकाल यासाठी माहीत असावा. पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू असताना एका कामगारानं कंपनीविरुद्ध फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या. कंपनीनं चौकशी करून त्याला काढलं. न्यायालयानं कंपनीची बाजू मान्य केली. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य वाजवी मर्यादा ओलांडू शकत नाही आणि इतरांना भडकवणाऱ्या अशा गोष्टी सुरुवातीलाच रोखल्या पाहिजेत, असा निकालाचा सूर होता. दोनच पोस्ट.

याचा अर्थ अन्याय गिळायचा असा मुळीच नाही. तक्रारीची जागा निवडायची. पगार थकला, ओव्हरटाइम बुडवला, पीएफ भरला नाही, तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आणि पीएफचं कार्यालय आहे. युनियन आहे. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. तिथली पोच हातात असेल तर तिला वजन असतं. फेसबुकवर दोनशे लोक "भावा बरोबर आहेस" म्हणतात, आणि चौकशीच्या दिवशी त्यांतला एकही सोबत येत नाही.

कंपनीबद्दल बाहेर लिहायचंच असेल तर स्वतःला आलेला अनुभव लिहा, सिद्ध करता येईल एवढंच लिहा आणि कुणाच्या चारित्र्यावर जाऊ नका. अब्रूनुकसानी आजही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५६ मध्ये आहे.

पायरी ६ : व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे ओसरी नव्हे

गावाकडचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप. इथे माणूस सैल बोलतो. पण ग्रुपमध्ये अडीचशे नंबर असतात आणि त्यांतले किती जण तुमच्याच कंपनीत कुणाचे तरी मेहुणे, भाचे आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं. धर्माधर्मांत, जातीजातींत तेढ वाढवणारं फॉरवर्ड तुम्ही लिहिलेलं नसलं तरी पुढे पाठवलंत की ते तुमचं झालं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये यासाठी शिक्षा आहे, आणि दंगलीच्या वातावरणात पोलीस आधी फोनच तपासतात. ग्रुपचे ॲडमिन असाल तर एक दिलासा: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही.

ऑफिसच्या ग्रुपवर सुप्रभातही कमीच. आणि सहकारी मुलीला रात्री अकरा वाजता "डीपी छान आहे" असा मेसेज करणाऱ्या मुलांना कळकळीनं सांगते: तिनं उत्तर दिलं नाही हेच उत्तर आहे. दुसरा मेसेज नको. असे मेसेज ऑफिसबाहेर, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या फोनवरून पाठवले असले तरी अंतर्गत समितीपुढे ते वाचले जातात. वाचताना पाठवणाऱ्याची मान वर होत नाही, हे मी पाहिलं आहे.

आजारपणाच्या रजेचंही इथेच सांगून टाकते. ताप आलाय असं कळवून तारकर्लीला गेलात, आणि मित्रानं स्कूबाच्या बोटीवरचा फोटो टॅग केला, तर प्रश्न एका दिवसाच्या रजेचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. साधी रजा मागा. नाही मिळाली तर पुढच्या महिन्यात जा.

पायरी ७ : सरकारी नोकरीत असाल तर

तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचे शिक्षक, पोलीस शिपाई म्हणून नव्यानं रुजू झालेल्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधीपासून आहेतच. त्यांच्या आधारावर सामान्य प्रशासन विभागानं २८ जुलै २०२५ रोजी समाज माध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. तो स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळं, महामंडळं आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. कंत्राटी माणसं "आपण कुठे सरकारी" म्हणून गाफील राहतात, त्यांनी हे खास लक्षात घ्यावं.

त्यातलं रोजच्या कामाचं एवढं: वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगवेगळी ठेवायची. राज्याच्या किंवा केंद्राच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही. प्रोफाइल फोटो सोडला तर वैयक्तिक अकाउंटवर पदनाम, शासकीय बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, इमारत वापरायची नाही. म्हणजे खाकीत किंवा सरकारी जीपसमोर केलेलं रील थेट नियमात अडकतं. गोपनीय कागद परवानगीशिवाय पुढे पाठवायचा नाही. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम चालतं. बदली झाली की कार्यालयीन अकाउंट पुढच्याच्या हाती रीतसर सोपवायचं. युट्यूब चॅनेलमधून उत्पन्न मिळवण्याचा विचार असेल तर आधी वरिष्ठांची लेखी परवानगी.

तरीही सरकारी नोकराचं तोंड पूर्ण शिवलेलं नाही. त्रिपुरात मत्स्य विभागातल्या एका महिला कर्मचाऱ्याला निवृत्तीला काही दिवस उरले असताना एका राजकीय सभेला गेल्यावरून आणि फेसबुक पोस्टवरून निलंबित केलं होतं. त्रिपुरा उच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला. सरकारी नोकर झाला म्हणून माणूस बोलण्याचा हक्क गमावत नाही, मर्यादा नियमांनी आखलेल्या आहेत तेवढ्याच, असं न्यायालयानं म्हटलं. हा निकाल माझ्या फार जवळचा आहे. नियम पाळा, पण नियमात नसलेली भीती स्वतःच घालून घेऊ नका.

पायरी ८ : परदेशी जायचं असेल तर

रत्नागिरी, रायगडातून आखातात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. संयुक्त अरब अमिरातीत २ जानेवारी २०२२ पासून नवा सायबर कायदा लागू आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून टाकणं हासुद्धा तिथे गुन्हा आहे, धर्माचा अवमान तर आहेच. २०२० च्या एप्रिलमध्ये मुस्लिमांविरुद्धच्या पोस्टवरून तिथल्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या आणि भारतीय राजदूतांना जाहीर समज द्यावी लागली.

अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतल्या सोशल मीडिया अकाउंटची नावं भरावी लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून नोकरीसाठीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे पायरी ३ मध्ये लावलेलं दार इथे उघडावं लागतं. म्हणूनच पायरी २ टाळू नका.

पायरी ९ : नोटीस आलीच तर

घाबरून पहिल्या तासात काहीही करू नका. पोस्ट पुसू नका, माफीचा व्हिडिओ करू नका, नोटिशीचा फोटो स्टेटसला ठेवू नका. पोस्टचा स्वतः पूर्ण स्क्रीनशॉट काढा, तारीख, आधीच्या आणि नंतरच्या कमेंट्ससकट, कारण समोरच्याकडे तुटक ओळ असते आणि संदर्भ तुम्हालाच दाखवायचा असतो.

कारणे दाखवा नोटीस असेल तर आरोपाची आणि पुराव्याची प्रत लेखी मागा. वेळ कमी वाटत असेल तर मुदतवाढ मागा, ती बहुधा मिळते. उत्तर छोटं असू द्या: काय टाकलं, कुणासाठी टाकलं, हेतू काय होता, कळल्यावर काय केलं. चूक झाली असेल तर ती साध्या शब्दांत मान्य करा. केली नसेल तर "माफ करा" असं सवयीनं लिहून बसू नका.

"राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करतो" असं बंद खोलीत सांगितलं जातं. नवी मुलं तिथल्या तिथे सही करतात. एक रात्र मागून घ्या. घरी मोठ्यांशी, युनियनशी, कामगार कायद्याच्या वकिलाशी बोला. कायद्याच्या व्याख्येत कामगार म्हणून बसत असाल तर चौकशीशिवाय काढणं सोपं नसतं, आणि चौकशी चालू असताना निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. तुमच्या चुकीमुळे उशीर नसेल तर पुढे ७५ टक्के. हुद्दा मॅनेजरचा असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही, करारात लिहिलंय तेवढंच हाती राहतं.

केकवाल्या मुलानं बैठकीतच आपल्या हातानं एक पानभर लिहून दिलं. फोटो कधी टाकला, किती वाजता काढला, कुणाकुणाला पाठवला, बोर्ड दिसतोय हे कळलं नव्हतं. एका वाक्यातही सारवासारव नव्हती. ग्राहकाच्या आग्रहामुळे त्याला त्या प्रोजेक्टवरून काढावं लागलं. तो दोन महिने बेंचवर, म्हणजे कुठल्याच प्रोजेक्टशिवाय, बसला, मग दुसऱ्या टीममध्ये गेला, नोकरी राहिली. त्या मजल्यावर केक तेव्हापासून पँट्रीत कापतात आणि मीटिंग संपली की बोर्ड पुसण्याचं काम आळीपाळीनं नावानिशी लावलेलं आहे.